थरांच्या पाण्यातल्या लाटा: नळीत कळतात की धरणावर?

तापीकाठ (जळगाव)
आमच्या कॉलेजात पोरांनी चार फुटी ॲक्रिलिकची नळी उभी धरून तिच्यात अर्ध्यापर्यंत साधं पाणी भरलं. मग सलाईनच्या नळीनं तळातून मिठाचं पाणी सोडलं, पोटॅशियम परमँगनेट घालून जांभळं केलेलं. बुचं लावून नळी अलगद आडवी केली. पाच मिनिटं थांबले आणि एक टोक जरासं उचललं. जांभळं पाणी खाली घसरलं, साधं वर चढलं, आणि सीमेवर उठलेल्या लाटांनी जिलबीसारखे वेढे घेतले. क्षणात वेढे फुटून सगळं एकच गुलाबी! ब्रिटिश समुद्रशास्त्रज्ञ थॉर्प यांनी १९७१ साली असेच प्रयोग प्रसिद्ध केले होते. धरणातल्या पाण्याचे थर कसे मिसळतात हे समजायला या नळीसाठी निधी मागितला तर उत्तर आलं, 'हा खेळ आहे.' मला हे मुळीच पटत नाही.

गिरणाकाठचा (चाळीसगाव)
सर, खेळ नाही म्हणणार, पण धरण तुमच्या नळीत मावत नाही. उन्हाळ्यात वरचं पाणी ३० अंशांवर आणि खालचं २० अंशांवर धरलं, तरी हजार लिटरमागे फरक जेमतेम अडीच किलो. तुमच्या मिठाच्या पाण्यात त्याच्या कितीतरी पट. त्या पैशात धरणावर दोरीला थर्मामीटर बांधा.

तापीकाठ
भाऊ, नुसत्या फरकावर काहीच ठरत नाही. घनतेचा फरक थर टिकवतो, वेगाचा फरक थर फोडतो. त्या दोघांचं गुणोत्तर म्हणजे रिचर्डसन अंक. तो पाव, म्हणजे ०.२५ च्या खाली गेल्याशिवाय थर फुटत नाहीत, हे माइल्स आणि हॉवर्ड या संशोधकांनी १९६१ साली गणितानं सिद्ध केलं. नळी असो वा धरण, अंक तोच.

गिरणाकाठचा
लाट कधी फुटणार, ते मान्य. फुटल्यावर पुढे काय? पाण्याचा चिकटपणा काही लहान करता येत नाही. चार फुटी नळीत बारीक भोवरे लगेच विरतात, धरणात ते तासन् तास पाणी घुसळतात. तळाला प्राणवायू किती पोचला, हे त्या घुसळणीवर ठरतं. मासेमारी करणाऱ्यांना तेच हवंय.

नंदुरबारची ताई
दोघांनाही एक आठवण देते. नॉर्वेचा ध्रुवसंशोधक नॅन्सेन, त्याचं 'फ्राम' जहाज १८९३ साली सैबेरियाजवळ विनाकारण मंदावलं. वर गोडं पाणी, खाली खारं. जहाजाची ताकद त्या दोन थरांच्या सीमेवर, पाण्याच्या आत लाटा उठवण्यात जात होती, हे स्वीडिश समुद्रशास्त्रज्ञ एकमननं टाकीत छोटं जहाज ओढून दाखवलं, १९०४ साली. समुद्रावर फक्त कोडं दिसलं होतं. म्हणून माझं मत सरांकडे.

गिरणाकाठचा
ताई, पण कोडं आधी समुद्रावरच दिसलं ना? सर, थर्मामीटर मी देतो, नावेचीही सोय करतो. फक्त दोन थरांतला वेगाचा फरक नावेतून कसा मोजायचा, ते सांगा. त्याशिवाय तुमचा पाव अंक धरणावर काढताच येणार नाही.