वेल्समधल्या कार्डिफला चाललोय, आसपासच्या छोट्या गावांत काय बघू?

नौपाडाकर:
मंडळी, लेकीकडे कार्डिफला महिनाभर चाललोय. कॅसल, स्टेडियम वगैरे जावई दाखवतीलच, मला जरा आडबाजूची गावं बघायचीत. १८५३ ला पहिली गाडी आपल्या ठाण्यात आली म्हणून आपण केवढे खूश असतो, तर त्याच्याही आधी मर्थर टिडव्हिलला वाफेचं इंजिन रुळावरून धावलं होतं म्हणे, तिथे जाण्यासारखं आहे का? खेळाडूंचं काही असेल तर तेही सांगा. गुडघ्याचा त्रास आहे, चढण नको.

कळव्याचा_ठोसा:
काका, मर्थर चुकवू नका!! कार्डिफहून ट्रेनने साधारण तास. २१ फेब्रुवारी १८०४, ट्रेविथिक नावाच्या इंजिनीअरचं वाफेचं इंजिन, पेनिडॅरनच्या कारखान्यातून १० टन लोखंड आणि ७० माणसं ओढत नेली, पण इंजिनाच्या वजनाने बिडाचे रूळच तुटायचे म्हणून पुढे टिकलं नाही.
पण मी कॉलेजात बॉक्सिंग केलंय, माझ्यासाठी मर्थर म्हणजे तिथले बॉक्सर. हॉवर्ड विन्स्टनच्या उजव्या हाताच्या तीन बोटांची टोकं कारखान्यात गेली, तरी गडी डाव्या हाताच्या जॅबवर (सरळ झटपट ठोशावर) १९६८ ला फेदरवेट या हलक्या वजनगटाचा वर्ल्ड चॅम्पियन झाला. आणि जॉनी ओवेन, काडीसारखा पोरगा, १९८० ला लॉस एंजेलिसला मेक्सिकोच्या लुपे पिंटोरशी लढताना बाराव्या राऊंडला पडला तो शुद्धीवर आलाच नाही, दीड महिन्याने गेला, वय फक्त २४. पुढे २००२ ला गावात त्याचा पुतळा झाला त्याचं अनावरण कोणी केलं माहितीये? पिंटोरनेच. जॉनीच्या वडिलांनी स्वतः मेक्सिकोला जाऊन त्याला बोलावलं होतं. मुलगा ज्याच्या ठोशाने गेला त्यालाच बोलवायचं, हे लिहिताना पण अंगावर काटा येतोय. पुतळा बाजारातच आहे, चढण नाही.

वाशीची_ताई:
क्रिकेट आवडत असेल तर स्वान्सीचं सेंट हेलेन्स पण बघा दादा, समुद्राच्या अगदी जवळ. १९६८ ला वेस्ट इंडिजच्या सोबर्सने ग्लॅमॉर्गनच्या (वेल्सची कौंटी टीम) माल्कम नॅशला सहा बॉलला सहा सिक्स मारले ते ह्याच ग्राउंडवर. १९८५ ला वानखेडेवर तेच करणारा आपला रवी शास्त्री नंतर ग्लॅमॉर्गनकडूनच खेळला!

नौपाडाकर:
ताई, स्वान्सी नक्की करतो. आणि ठोसा, तुझं उत्तर हिला मोठ्याने वाचून दाखवलं, वडिलांपाशी आल्यावर मला पुढे वाचवेना, मग उरलेलं हिनेच वाचलं. पहिल्याच रविवारी मर्थर, जावयांना आत्ताच कळवलंय.