टर्बो पेट्रोल: लीनचा कोड, पण फुल थ्रॉटलला सेन्सर रिच दाखवतोय

स्पार्कगॅप: १.२ टर्बो, मॅफ सेन्सरवाली (आत येणारी हवा मोजणारा). कोड पी०१७१ (मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी; रिच म्हणजे उलट). इंजिन गरम असताना लाँग टर्म ट्रिम (ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, पेट्रोलात शिकून केलेली दुरुस्ती) आयडलला +१४%, २५०० आरपीएमला +४%. फुल थ्रॉटलला पुढचा ऑक्सिजन सेन्सर लॅम्डा ०.८२ (१ म्हणजे नेमकं मिश्रण, त्याखाली रिच), मागचा ०.८८ व्होल्ट. सेन्सर बदलू का?

काजळी: सेन्सरला हात लावू नका. फुल थ्रॉटलला ईसीयू स्वतःच जास्त पेट्रोल मागतो, टर्बाइन तापू नये आणि नॉकिंग होऊ नये म्हणून. मागचा नॅरोबँड आहे. तो ०.४५ व्होल्टच्या आसपास एकदम उडी मारतो, त्यानंतर जवळजवळ सपाट. म्हणजे ०.८८ वरून 'रिच' एवढंच कळतं, किती ते नाही.

कोड आयडलचा आहे. तेव्हा मॅनिफोल्डला (सिलिंडरना हवा वाटणारा भाग) ओढ जास्त आणि एकूण हवा कमी, म्हणून थोडी चोरटी (मॅफने न मोजलेली) हवाही टक्क्यांत मोठी दिसते. पेट्रोलचा दाब कमी पडत असता तर ट्रिम लोडबरोबर वाढला असता. आयडलला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) ते मॅनिफोल्ड नळी चिमटीत दाबा. शॉर्ट टर्म ट्रिम (त्या क्षणाची दुरुस्ती) लगेच उतरला तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय.

बूस्टलीक: मॅफवाल्या टर्बोत गळती कुठे, यावर सगळं आहे. मॅफ ते टर्बो: बूस्टमध्येही (टर्बो हवा दाबून भरत असताना) लीन. टर्बो ते थ्रॉटल: बूस्टला मोजलेली हवा बाहेर जाते, रिच. मॅनिफोल्ड: आयडलला लीन, बूस्टला उलटं. म्हणून फुल थ्रॉटलला कमांडेड (ईसीयूने मागितलेला) लॅम्डा शेजारी लावून बघा. मागणी ०.८८ आणि मिळतंय ०.८२, तर तीच गळती बूस्टमध्ये बाहेर फुंकतेय. शोधायला स्मोक टेस्ट करा (नळ्यांत धूर भरून कुठून निघतो ते बघणं). गरम टर्बोवर कार्ब क्लीनर फवारू नका, पेटतो.

काजळी: टर्बाइन ते सेन्सर मधला फ्लँजही बघा. तिथून बाहेरची हवा शिरली की सेन्सर खोटं लीन वाचतो. मिसफायरचंही तसंच, न जळलेला ऑक्सिजन तो मोजतो. ई२०चा (२०% इथेनॉलवालं पेट्रोल) संशय नको: त्यात ट्रिम सगळ्या आरपीएमला सारखाच थोडा वर जातो. ॲपमधला एएफआर (हवा-इंधन प्रमाण) म्हणजे बहुधा लॅम्डा गुणिले १४.७, इंधन कोणतंही असो. लॅम्डाच वाचा.

स्पार्कगॅप: पर्ज दाबून फरक नाही. आयडलला ऑइल कॅप ओढून निघत नाही, सैल केली की शिट्टी वाजते.

बूस्टलीक: पीसीव्हीचा (इंजिनच्या पोटातली वाफ मॅनिफोल्डकडे नेणारा व्हॉल्व्ह) डायफ्राम फाटलाय, म्हणून मॅनिफोल्डची ओढ थेट ऑइल कॅपपर्यंत येतेय. बऱ्याच इंजिनांत तो व्हॉल्व्ह कव्हरमध्येच असतो, सुटा मिळतो का ते पार्ट नंबरवरून आधी विचारा. बदलल्यावर ट्रिम रिसेट करून गाडी चालवा, आयडलला ±५%च्या आत यायला हवा.