डिस्क आपली, ड्राइव्ह आपला, मग सिनेमा बघायचे पैसे वेगळे का?

पोटमाळा
विंडोज ७ च्या होम प्रीमियममध्ये डीव्हीडी सरकवली की सिनेमा सुरू व्हायचा. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये ही सोय मूळ विंडोजमधून काढली आणि मीडिया सेंटर नावाच्या जास्तीच्या पॅकमध्ये टाकली. २०१५ मध्ये विंडोज १० आलं, तेव्हा मीडिया सेंटरही गेलं. बदल्यात 'विंडोज डीव्हीडी प्लेअर' हे ॲप आलं. ज्यांच्याकडे आधी मीडिया सेंटर होतं, त्यांना अपग्रेड केल्यावर फुकट. नवा कॉम्प्युटर घेणाऱ्याला सुमारे १५ डॉलर.

डिस्कचे पैसे दिले, त्यात निर्मात्याचा वाटा गेला. ड्राइव्हचे दिले. विंडोजचे दिले. आता चौथ्यांदा पाकीट काढायचं ते कशासाठी?

आपल्याकडचा हिशोब तर आणखी गमतीचा. मोझर बेअरने २००७ च्या सुमारास ३४ रुपयांत डीव्हीडी आणली होती, आठवत असेल. १५ डॉलर म्हणजे २०१५ च्या दराने साडेनऊशे रुपये. तेवढ्यात २८ सिनेमे विकत आले असते! सिनेमा ३४ रुपयांचा आणि तो दाखवणारा साडेनऊशेचा, हे कुठल्या बाजारात बसतं?

चिकित्सक_चिंगी
असहमत. आणि 'पूर्वी मिळायचं' हे अर्धंच खरं आहे. विंडोज एक्सपीमध्ये तरी कुठे होतं? डीव्हीडी ड्राइव्हच्या खोक्यात पॉवरडीव्हीडी नाहीतर विनडीव्हीडीची सीडी यायची, ती टाकल्यावर सिनेमा दिसायचा. व्हीसीडी मात्र नुसत्या मीडिया प्लेअरवर चालायच्या, कारण त्यांचं चित्रण एमपीईजी-१ चं, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या जुन्या पद्धतीचं. त्यामुळे बऱ्याच जणांचा समज झाला की विंडोजमध्ये 'सगळं' चालतं. व्हिस्टा आणि ७ च्या वरच्या आवृत्त्या, एवढाच काय तो सुकाळ.

डीव्हीडीचं चित्र एमपीईजी-२, आवाज बहुतेक वेळा डॉल्बी. दोन्हींवर पेटंट होती. एमपीईजी-२ साठी त्या काळात नगामागे दोन डॉलर भरावे लागत, डॉल्बीचे वेगळे. हे पैसे विंडोज चालणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे, मग त्यात ड्राइव्ह असो वा नसो. २०१२ पर्यंत पातळ लॅपटॉपांना ड्राइव्ह नसणं सर्रास झालं होतं. जेवणानंतर ज्याला पान हवं त्याने पानाचे पैसे द्यावेत, सगळ्यांच्या थाळीत कशाला धरायचे?

आणि ही काही २०१२ ची शक्कल नाही. मायक्रोसॉफ्टच्याच २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये डीव्हीडी ड्राइव्ह होता, पण सिनेमा बघायला सुमारे ३० डॉलरचा रिमोटचा संच वेगळा घ्यावा लागे. नुसते गेम खेळणाऱ्याच्या माथी तो खर्च नव्हता.

बिनखात्याचा_मंत्री
व्हीएलसी टाका, फुकटचा प्लेअर आहे. विषय संपला. एवढ्यासाठी धागा?

पोटमाळा
@चिंगी, पानाचे पैसे वेगळे घ्या, पण पान दोन रुपयांचं असताना पंधरा कसे लावता? २०१२ मध्येच रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त कॉम्प्युटर बोर्डाच्या कंपनीने एमपीईजी-२ चं लायसन्स वेगळं विकायला काढलं. २ पौंड ४० पेन्स. तुमच्या बोर्डाचा अनुक्रमांक कळवा, त्याला जुळणारी किल्ली घ्या, एका ओळीत ती भरा, झालं. हवं त्यानेच घ्यायचं, आणि किंमत मूळ फीच्या आसपास.

शिवाय डॉल्बीच्या त्या जुन्या आवाजाची पेटंट २०१७ मध्ये संपली आणि एमपीईजी-२ चं अमेरिकेतलं शेवटचं फेब्रुवारी २०१८ मध्ये. त्यानंतरही ॲप १५ डॉलरलाच. मग 'लायसन्स फी महाग हो' हे कारण कुठे गेलं?

कलम_कसाई
मंत्रीसाहेब, विषय संपत नाही. डीव्हीडीला कुलपं दोन आहेत. एक पेटंटचं, ते गंजून पडलं. दुसरं सीएसएस, म्हणजे डिस्कवरचा मजकूर गुंतवून ठेवणारी प्रणाली. तिची किल्ली वेगळी संस्था देते, करार करून, पैसे घेऊन. व्हीएलसी तो करार करत नाही, स्वतःच कुलूप उघडते. त्यांचं मूळ पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात आहे आणि फ्रान्सच्या कायद्यावर ते ठाम उभे आहेत.

हे कुलूप १९९९ मध्येच फुटलं. त्यासाठी नॉर्वेतल्या योन योहानसेनवर खटला झाला; कुलूप फुटलं तेव्हा तो शाळकरी वयाचा होता. २००३ मध्ये तो सुटला, अपिलातही सुटला. विकत घेतलेली डिस्क मालकाने बघितली तर त्यात गुन्हा कसला, असा कोर्टाचा एकूण सूर.

आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५अ कलम आलं. कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पण कधी? तर 'हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने' तोडलं तर. स्वतःची डिस्क स्वतःच्या घरी बघण्यात तसा हेतू दिसत नाही, असं माझं वाचन. (सल्ला नव्हे, वाचन.) अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए कायद्यात हेतूची अशी पळवाट नाही, कुलूप उघडणं हेच मुळात अडचणीचं.

फ्रीमॉंटकर
तो अडचणीतला प्राणी मीच. डिस्क कुठल्या भागात चालावी याचा आकडा म्हणजे रीजन: इथे अमेरिकेत रीजन १, भारतात रीजन ५. पुण्याहून आणलेल्या काही नाटकांच्या डिस्कवर रीजन ५ आहे. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हचा रीजन पाच वेळा बदलता येतो, पाचवा बदल कायमचा. विकतचं सॉफ्टवेअर हा नियम इमानेइतबारे पाळतं: 'उरलेले बदल: २' अशी खिडकी दाखवून तुम्हाला घाबरवतं. व्हीएलसी बहुतेक ड्राइव्हवर काही न विचारता नाटक लावते.

म्हणजे पैसे दिले की कमी मिळतं! चिंगीताई, याला तुमच्या थाळीत काय म्हणायचं?

हातोडा
सगळ्यांना सगळं फुकट पाहिजे, झालं. प्लेअर लिहिणाऱ्याला पोट नसतं का? डिस्कचा मेनू, सबटायटल, प्रत्येक नव्या विंडोजवर पुन्हा तपासणी, हे कोण करणार? ३४ रुपयांची डिस्क चालवायला लाखाचा लॅपटॉप घेताना हात थरथरत नाहीत, १५ डॉलरला मात्र तत्त्वज्ञान. व्हीएलसीला कितीजणांनी वर्गणी दिली ते सांगा आधी.

फ्रीमॉंटकर
दिली आहे. पुढे बोला.

नुसतावाचक
पैसे मोजणाऱ्यांची खरी फजिती ब्लू-रेवाल्यांची, म्हणजे डीव्हीडीनंतरच्या डिस्कवाल्यांची झाली. फोर-के ब्लू-रे कॉम्प्युटरवर बघायला विकतचं सॉफ्टवेअर, खास ड्राइव्ह, मॉनिटरपर्यंत संरक्षित जोडणी आणि इंटेलच्या प्रोसेसरमध्ये एसजीएक्स नावाची सुरक्षेची सोय, एवढं सगळं लागायचं. २०१७ मध्ये सातव्या पिढीच्या प्रोसेसरवर लोकांनी ते हौसेने जुळवलं. मग अकराव्या-बाराव्या पिढीत इंटेलने घरगुती प्रोसेसरमधून एसजीएक्सच काढून टाकलं. नवा, दुप्पट वेगाचा कॉम्प्युटर घ्या, तुमचं रीतसर विकत घेतलेलं सॉफ्टवेअर ती डिस्क लावणार नाही. जुना जपून ठेवा, तर लावेल.

हातोडाराव, इथे प्लेअर लिहिणाऱ्याचं पोट भरलं होतं. गिऱ्हाईक उपाशी राहिलं.

चिकित्सक_चिंगी
नुसतावाचक, हे मान्य, पण रागाचा पत्ता चुकतोय. ब्लू-रे तर विंडोजने कधीच आपणहून चालवलं नाही, आणि त्या अटी स्टुडिओंच्या. फ्रीमॉंटकरांचं रीजनचं दुखणंही तिथलंच. प्लेअर विकणाऱ्याने करारावर सही केली नाही तर त्याला किल्लीच मिळत नाही. मी फक्त एवढंच म्हणतेय की ड्राइव्ह नसलेल्या माझ्या लॅपटॉपच्या किमतीत तुमच्या डीव्हीडीची फी नको. आता घेतंय कोण डिस्क?

पोटमाळा
डिस्क राहू द्या. २०१७ पासूनचे आयफोन व्हिडिओ एचईव्हीसी या दाबून साठवायच्या नव्या पद्धतीत काढतात. भाचीच्या मुंजीचा, माफ करा, बारशाचा व्हिडिओ त्या ड्राइव्ह नसलेल्या लॅपटॉपवर उघडून बघा. बऱ्याच यंत्रांवर विंडोज त्याचं एक्स्टेन्शन विकत घ्यायला सांगतं. ९९ सेंट. तोच खेळ, डिस्क नसतानाही.

चिकित्सक_चिंगी
माझ्याही विंडोजने सांगितलं होतं. भरले ९९ सेंट, व्हिडिओ बघितला. किंमत फीच्या आसपास असावी हे तुमचंच म्हणणं ना? मग इथे तक्रार कशाची?

पोटमाळा
किमतीची नाही. बारसं आपल्या घरचं, फोन आपला, चित्रीकरण आपलं. यात कुठला स्टुडिओ आला?

बिनखात्याचा_मंत्री
व्हीएलसीत तेही चालतं. मी आपलं सांगून ठेवतो.