बांबूच्या बेटात बिनपानांची जांभळी फुलं : ओळख पटवायला मदत हवी आहे

मंडळी,

गणपतीच्या सुट्टीत ताम्हिणीच्या रानात हिंडताना बांबूच्या बेटाखाली, पाचोळ्यातून थेट वर आलेली फुलं दिसली. पान एकही नाही, हिरवा रंग औषधालाही नाही. वीतभर उंचीचे तांबूस, गुळगुळीत दांडे आणि प्रत्येकावर एकच नळीसारखं जांभळट-गुलाबी फूल, मान खाली घातलेलं. बुडाशी पिवळसर आवरण, त्यावर तांबड्या रेघा, आणि ते एका बाजूने खालपर्यंत चिरलेलं. शेजारचं एक बोंड उकललं होतं; बी तपकिरीइतकं बारीक.

बरोबरचे काका म्हणाले, "अळंबीच ती." पण अळंबीला बोंड कुठून येणार? बांडगूळ आणि ज्वारीतला टारफुला परजीवी असले तरी हिरवे असतात. हे त्यातलं वाटत नाही. निपाणीकडे तंबाखूत बंबाखू हे बिनहिरवं परजीवी तण उगवतं, त्याच्या जवळचं काही आहे का? मी एजिनेशिया आणि ख्रिस्तिसोनिया या दोन नावांवर अडकलोय. फोटो पावसामुळे धूसर आलेत. आणि हे घरी कुंडीत जगेल का?

प्रतिसाद १

एजिनेशिया इंडिका. एका बाजूने चिरलेलं आवरण हीच खूण, फोटो नसला तरी चालेल. ख्रिस्तिसोनियाचं आवरण नळीसारखं असून टोकाशी दातेरी असतं, फुलंही जमिनीलगत झुबक्याने येतात. ती कारवीच्या मुळांशी शोधा. बंबाखूचा अंदाज बरोबर, कूळ एकच. एजिनेशिया गवतवर्गीयांच्या मुळांत शोषकमुळं घुसवून आयतं अन्न ओढते. बांबू गवतच की! उसावर आणि भातावरही ती येते.

काकांचं अगदीच चूक नाही बरं का. बुरशीच्या जिवावर जगणारी बिनहिरवी फुलझाडंही आहेत, उदाहरणार्थ एपिपोजियम रोझियम हे ऑर्किड. हे मात्र त्यातलं नव्हे.

प्रतिसाद २

कृपा करून उपटून आणू नका. यजमानाच्या, म्हणजे ज्याच्यावर ते जगतं त्या झाडाच्या, मुळापासून तुटलं की संपलं. बी नुसत्या मातीत पेरूनही उपयोग नाही, यजमानाच्या मुळातून पाझरणारी द्रव्यं लागल्याशिवाय ते रुजत नाही. जपानात हौशी लोक कुंडीतल्या मिस्कँथस गवताच्या मुळाशी बी टाकून ही वाढवतात, म्हणजे कुंडीत जमतं. पण आधी गवत पोसावं लागतं. ऊसपट्ट्यात राहत असाल तर हा उद्योग टाळलेलाच बरा.

पुन्हा गेलात तर फुलाच्या नळीत डोकावून फोटो काढा. आत कुक्षीचं (परागकण झेलणाऱ्या भागाचं) छत्रीसारखं पसरट, मांसल टोक दिसलं की शंकाच नको.