इबोला लांब असेल, माकडताप नाही

वर एका दादांनी विचारलंय, ‘इबोला आफ्रिकेत, त्याच्या लशीशी आपल्याला काय करायचंय?’ मी साताऱ्याचा. मागच्या मार्चमध्ये मामेभाऊ दोडामार्गहून काजूच्या बागेतलं काम उरकून घरी आला, तर गुडघ्यामागे तिळाएवढी गोचीड चिकटलेली. मामीने चिमट्याने हळूच ओढून काढली आणि पंधरा दिवस रोज त्याचा ताप मोजला. कारण २०१६ साली त्याच तालुक्यात गोचिडीच्या चाव्यातून होणारा माकडताप पसरला होता, आणि तोही इबोलासारखा रक्तस्रावी (अंगातून रक्त जाऊ शकतं असा) तापच. भावाला काही झालं नाही, पण मामीची झोप उडाली होती.

इबोलाची लस २०१५ मध्ये गिनीत रुग्णाच्या संपर्कातल्या माणसांना गाठून टोचली, ती लागू पडली. २०२० मध्ये अँटिबॉडीची दोन औषधंही मंजूर झाली (झैरे प्रकारच्या इबोलासाठीच, पण झाली). माकडतापाचा विषाणू कर्नाटकात १९५७ मध्येच सापडला, तरी त्यावर खास औषध आजही नाही. जुनी लस होती, पण डोसावर डोस घेऊनही संरक्षण कमीच पडायचं. आजार जंगलकाठच्या गरिबांचा, म्हणून मागे राहिला, असं माझं स्पष्ट मत आहे. इबोलावर जमलं ते इथेही जमवायलाच हवं.

तोवर बागेतून आल्यावर अंग नीट तपासा. ताप आला तर डॉक्टरांना आधी ‘रानात होतो’ हे सांगा, आणि मनाने ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन घेऊ नका.