दारची फुलपाखरं, परसातले पक्षी: तुमचे अनुभव लिहा

डिचोलीत आमच्या परसात कढीपत्ता आहे. गेल्या पावसात त्याच्या पानांवर पाखराची शीट पडल्यासारखं दिसलं. पुसायला गेले तर ते हललं! पुढे त्याचीच हिरवीगार अळी झाली. डिवचली की डोक्यामागून लालसर शिंगं काढायची आणि उग्र वास सोडायची. कोषातून काळं फुलपाखरू निघालं, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. कॉमन मॉरमॉनचा नर. आमटीला पानं कमी पडली, पण एकही अळी काढली नाही. तुमच्याकडे काय येतं?

फोंडा
मॉरमॉनची मादी बघा, फसाल. तिची काही रूपं हुबेहूब कॉमन रोझ किंवा क्रिमझन रोझसारखी असतात. या रोझच्या अळ्या सापसंदाची विषारी पानं खातात, म्हणून पक्षी त्या फुलपाखरांच्या वाटेला जात नाहीत. मादी त्यांचाच वेश घेते. ओळखायची खूण अंगावर आहे: रोझचं अंग लाल, मॉरमॉनचं काळं. मी कुंपणावर सापसंद चढवला, तेव्हा दोन्ही शेजारीशेजारी बघायला मिळाली. नुसती फुलं लावून पिसोळीं (फुलपाखरं) येतात, मध पितात, निघून जातात. अंडी घालायला त्यांना आपापलं झाडच लागतं.

पणजी, तिसरा मजला
अंगण नाही, पानफुटीची एक कुंडी आहे. पानं आतून पोकळ होऊ लागली तेव्हा रोग समजून टाकणारच होते. आत रेड पिएरो फुलपाखराच्या अळ्या निघाल्या.

म्हापसा
पिटकोळीच्या (इक्झोरा) फुलांवर शिंजीर रोज येतात. काळपट नर दिसला की आधी चोच बघतो. लोटेनच्या शिंजिराची चोच जांभळ्या शिंजिरापेक्षा लांब आणि जास्त बाकदार.

काणकोण
फवारणी बंद केली, दुसऱ्या वर्षी शिंपी पक्ष्याने पानं शिवून घरटं केलं. अळ्या नसतील तर पिल्लांना भरवणार काय?

वाळपई
कुळागरातला (माडा-पोफळींच्या बागेतला) पाचोळा झाडू नका. थंडीत नवरंग पक्षी तोच उचकटून किडे शोधतो. आमच्याकडे माडांच्या सावलीत उतरतो, सकाळी त्याची शीळ आधी ऐकू येते.

साखळी
पिकल्या पपईवर हिरवा पक्षी, डोकं तपकिरी, गालावर पांढरा पट्टा. तांबट का?

फोंडा
नव्हे, पांढऱ्या गालाचा कुटुरगा. तांबट त्याहून लहान, कपाळ लाल. ती पपई उतरवू नका, पुन्हा येईल.