मदत हवी आहे: नोडवर चालणाऱ्या टूलच्या इन्स्टॉलेशन सूचना डीटीपीवाल्यांसाठी कशा लिहाव्यात?

जुळारी

नमस्कार मंडळी,

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारं एक छोटं टूल मी जावास्क्रिप्टमध्ये लिहिलंय. कृतिदेवमधल्या फाइलींचा अख्खा फोल्डर त्याला द्यायचा. पहिली वेलांटी व्यंजनानंतर नेणं, रफार अक्षराच्या आधी आणणं वगैरे सगळं ते करतं आणि युनिकोडच्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतं. चालवायला नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) लागतं, २० किंवा त्यापुढच्या आवृत्तीचं. टूल नीट चालतंय, घोडं अडतंय ते रीडमीतल्या (टूलसोबतच्या सूचनांच्या फाइलीतल्या) या तीन ओळींवर:

१. नोड इन्स्टॉल करा.
२. टर्मिनलमध्ये चालवा: $ एनपीएम इन्स्टॉल -जी (टूलचं नाव)
३. झालं!

प्रोग्रामरला एवढं पुरतं. पण वापरणारे बहुतेक छापखान्यातले नि प्रकाशनातले ऑपरेटर. कोणी डॉलरच्या चिन्हासकट ओळ चिकटवतो. कोणाच्या पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या कमांड टाइप करायच्या एका खिडकीत) 'रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड ऑन धिस सिस्टिम' असं लाल अक्षरांत येतं. एकाने उबंटू २२.०४ (लिनक्स) वर ऍप्टने, म्हणजे उबंटूच्याच इन्स्टॉलरने, नोड घातलं, ते निघालं १२ आवृत्तीचं. एनपीएमने (नोडची टूल्स उतरवून बसवणाऱ्या प्रोग्रामने) नुसती पिवळी सूचना दिली आणि टूल बसवूनही टाकलं. मग चालवताना सिंटॅक्स एरर.

या सगळ्याची उत्तरं घालत गेलो तर तीन ओळींच्या तीन पानं होतील आणि ती कोणी वाचणार नाही. किती लिहावं, काय गाळावं? एनव्हीएमची (नोडच्या अनेक आवृत्त्या ठेवून बदलता येणाऱ्या टूलची) शिफारस करू का? लोकांनी आधी बसवलेलं नोड काढायला लावायचं माझ्या जिवावर येतंय.

कमांडवाला

एनव्हीएम अजिबात नको. एक तर मूळ एनव्हीएम थेट विंडोजवर चालत नाही. एनव्हीएम-विंडोज हा वेगळ्या माणसाचा वेगळा प्रकल्प आहे आणि तो सुरुवातीलाच आधीचं नोड काढून टाका म्हणून सांगतो. ज्याला एकच टूल चालवायचंय त्याला आवृत्त्या बदलत बसायची सोय कशाला? नोडच्या साइटवरचा एलटीएस (दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीचा) इन्स्टॉलर, नेक्स्ट-नेक्स्ट-फिनिश.

पॉवरशेलची भानगड सोपी आहे. तिथे एनपीएम म्हटलं की एनपीएम.पीएस१ ही स्क्रिप्ट उचलली जाते आणि विंडोज ती मुळातच अडवतं. साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एनपीएम.सीएमडी चालतं, तिथे हा प्रश्नच येत नाही. म्हणून 'टर्मिनल उघडा' असं मोघम लिहू नका. 'स्टार्ट दाबा, सीएमडी टाइप करा, एंटर दाबा' असं लिहा. एक्झिक्युशन पॉलिसी (स्क्रिप्ट अडवणारं हे सेटिंग) बदलायला तर मुळीच सांगू नका. ऑफिसच्या मशीनवर ती बहुधा बदलता येत नाही, आणि आली तरी एका टूलसाठी कशाला बदलायची?

लिनक्सवाल्यांना ईऍक्सेस (परवानगी नसल्याची एरर) आलं की ते सुडो (ऍडमिनच्या हक्काने चालवायची कमांड) लावून मोकळे होतात. त्यांच्यासाठी -जी (टूल कायमचं बसवणं) काढाच, एनपीएक्स (टूल न बसवता थेट चालवणारी कमांड) द्या. एनपीएम ५.२ पासून, म्हणजे २०१७ पासून, ते सोबतच येतं. पहिल्यांदा 'ओके टू प्रोसीड?' असं विचारतं, तेवढं मात्र लिहून ठेवा, नाहीतर त्यावरही फोन येईल.

टंकनिक

वरच्याशी सहमत. माझी भर एवढीच की प्रत्येक पायरीनंतर पडद्यावर काय दिसायला हवं ते लिहा. माझ्या एका टूलसाठी मी असं ठेवलंय:

'नोड -व्ही टाइप करा. व्ही२२ किंवा त्याहून मोठा आकडा दिसला तर पुढे जा. "इज नॉट रेकग्नाइज्ड" दिसलं तर ही खिडकी बंद करून नवी उघडा आणि पुन्हा बघा.'

नोड बसवायच्या आधीपासून उघडी असलेली खिडकी जुनाच पाथ (प्रोग्राम कुठे शोधायचे त्याची यादी) धरून बसते, म्हणून ती दुसरी ओळ. अडचणींचं वेगळं प्रकरण करून पानाच्या तळाशी टाकलं तर तिथपर्यंत कोणी जात नाही. अडचण जिथे येते त्याच ओळीखाली उतारा द्यायचा.

आणि आवृत्तीची तपासणी रीडमीवर सोडू नका. पॅकेज.जेसनमधल्या 'इंजिन्स'ने (कोणतं नोड हवं ते सांगणाऱ्या नोंदीने) एनपीएम फक्त कुरकुरतं, थांबत नाही, हे तुम्ही पाहिलंच आहे. टूललाच बोलू द्या: 'तुमचं नोड १२ आहे, २० हवं.' पण यात एक खोच आहे. ही तपासणी मुख्य फाइलीत टाकली तर उपयोग शून्य, कारण जुनं नोड नव्या सिंटॅक्सवर फाइल वाचतानाच आपटतं, तपासणीच्या ओळीपर्यंत पोचतच नाही. सुरुवातीला जुन्या वळणाची चार ओळींची छोटी फाइल ठेवा. तिने आकडा बघायचा, ठीक असेल तरच बाकीचा कोड डायनॅमिक इम्पोर्टने, म्हणजे चालता चालता, ओढायचा. फाइलीच्या डोक्यावर नेहमीचं इम्पोर्ट लिहिलंत तर पुन्हा तेच होईल.

रात्रपाळी

मी डीटीपी करतो, तुमच्या गिऱ्हाइकांपैकीच समजा. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. नोड काय, एनपीएम काय, आम्हाला कळायची गरज नाही. डबल क्लिक करायची एक ईएक्सई द्या की!

दुसरं म्हणजे आमच्याकडे जुन्या फॉन्टचं काम ज्या मशीनवर होतं तिच्यावर विंडोज ७ आहे. त्या सॉफ्टवेअरचं डाँगल (परवान्यासाठी मशीनला लावायचं छोटं यंत्र) नव्या विंडोजवर चालत नाही म्हणून मशीन तशीच ठेवलीय. तिथे तुमचं नोड बसेल का?

कमांडवाला

नाही बसणार. १४ आवृत्तीपासूनच नोडने विंडोज ७ सोडलं. इन्स्टॉलर सुरुवातीलाच हात वर करतो.

ईएक्सईबद्दल: नोडचा एकच एक्झिक्युटेबल बनवता येतो, पण त्यात अख्खं नोड भरलेलं असतं, म्हणजे विंडोज ७ चा प्रश्न तिथेही सुटत नाही. शिवाय सही नसलेली ईएक्सई डाउनलोड केली की 'विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी' असा निळा फलक येतो. म्हणजे 'मोअर इन्फो दाबा, मग रन एनीवे दाबा' हे समजावत बसा. सूचना काही टळत नाहीत, फक्त जागा बदलतात. आणि लोकांना असले फलक ओलांडायची सवय लावणं मला पटत नाही.

जुळारी, ब्राउझरमध्येच का नाही चालवत? अक्षरं बदलायचा कोड तसाही शुद्ध जावास्क्रिप्ट असणार.

जुळारी

प्रकाशक अप्रकाशित हस्तलिखितं दुसऱ्याच्या सर्व्हरवर चढवायला तयार नसतात, म्हणून वेबपेज टाळलं होतं.

टंकनिक

चढवायचीच कशाला? एचटीएमएलची एक फाइल द्या, ती पेन ड्राइव्हवरूनही उघडेल. ब्राउझर फोल्डर वाचतो, तिथल्या तिथे बदलतो, झिप करून परत देतो. नेटची वायर काढून दाखवा, प्रकाशकांची खात्री पटेल. विंडोज ७ वर क्रोम १०९ पर्यंतच मिळतं, पण एवढ्या कामाला ते पुरेसं आहे.

जुळारी

सगळ्यांचे आभार. दोन्ही मार्ग ठेवतो. इन्स्टॉलेशनची सुरुवात आता अशी करतोय:

'आधी हे बघा: तुमच्या मशीनवर विंडोज ७ किंवा ८ असेल, किंवा कमांड टाइप करायची सवय नसेल, तर यातलं काहीही इन्स्टॉल करू नका. सोबतची एचटीएमएल फाइल क्रोममध्ये उघडा, फोल्डर निवडा, "बदला" दाबा. नेट लागत नाही, तुमची फाइल मशीनबाहेर जात नाही.

विंडोज १० किंवा ११ असेल आणि हजारो फाइली एकदम बदलायच्या असतील तर पुढे वाचा. स्टार्ट दाबा, सीएमडी टाइप करा, एंटर दाबा...'

डॉलरचं चिन्ह काढलं, 'झालं!'सुद्धा काढलं. रात्रपाळी, एचटीएमएल फाइल तयार झाली की तुमच्या त्या विंडोज ७ वर एकदा उघडून बघाल का? जोडाक्षरांचा कचरा कुठे होतोय तेही कळेल.

रात्रपाळी

पाठवा. दिवाळी अंकाचं काम संपेपर्यंत मशीन मोकळी नाही, पण रात्री बारानंतर बघतो.